धाप लागलेली असताना नेम कसा धरायचा: दहा मीटर रेंजवर नवीन असणाऱ्यांसाठी

माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय. भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, १०० मीटर असतं, गोळाफेक असते, त्यामुळे पोट्टा रोज पहाटे ग्राउंडवर असतो आणि आठवड्यातून तीनदा माझ्यासोबत एअर पिस्तूल मारायला येतो. एक दिवस उशीर झाला म्हणून ग्राउंडवरून सायकल हाणत थेट रेंजवर आला, बॅग ठेवली, पिस्तूल उचललं आणि सुरू. पाच छर्‍यांपैकी एक काळ्यात (टार्गेटच्या कार्डावरच्या मधल्या काळ्या गोलात), बाकीचे पांढऱ्यात, एक तर कार्डाच्या पार काठाला. "मावशी, परवा तर सगळे आत जात होते, आज काऊन असं होऊन राहिलं?"

त्याचा दम चांगला आहे, नेम पण त्याच्या मानाने चांगला आहे. धावणं त्याने शिकलंय, नेम शिकलाय, पण धावणं संपल्यापासून पिस्तूल उचलेपर्यंतचे जे वीस सेकंद असतात त्यात काय करायचं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी इथे तेच सांगणार आहे. व्यायाम आणि नेमबाजी एकत्र करायची म्हणजे दमलेल्या हाताने कशाही गोळ्या झाडायच्या असं बरेच नवीन लोक समजतात, आणि मग दोन महिन्यांत ट्रिगर दाबायची आपली चांगली बसलेली सवय खराब करून घेतात. प्रॅक्टिस त्या वीस सेकंदांची करायची असते.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. बायथलॉन नावाचा बर्फातला खेळ आहे, स्कीवर जीव तोडून जायचं आणि मध्ये थांबून ५० मीटरवरची पाच टार्गेट पाडायची, झोपून मारायचं तर टार्गेट ४५ मिलिमीटरचं, उभं राहून तर ११५ चं, आणि प्रत्येक चुकीला बऱ्याच स्पर्धांत १५० मीटरचा जादा फेरा. १९६० पासून हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आहे. नागपुरात बर्फ कुठून आणणार, पण आपल्याला जवळचा असा दुसरा खेळ आहे, मॉडर्न पेंटाथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेचा शेवटचा भाग, लेझर रन. पॅरिसला २०२४ मध्ये त्यात ६०० मीटरचे पाच टप्पे धावायचे होते आणि मध्ये चार वेळा नेमबाजी, दर वेळी पाच हिट किंवा ५० सेकंद, जे आधी होईल ते. अंतर १० मीटर, पिस्तूल लेझरचं. आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांच्या टार्गेटचा व्यास ५९.५ मिलिमीटर आहे, आणि आपल्या नेहमीच्या एअर पिस्तूल कार्डावरचा काळा गोल, म्हणजे ७ ते १० रिंगचा भाग, तो पण बरोबर ५९.५ मिलिमीटर. म्हणजे वेगळं काही विकत घ्यायची गरजच नाही. काळ्यात गेला तर हिट, बाहेर गेला तर मिस, झालं. या प्रॅक्टिसमध्ये रिंग मोजायच्याच नाहीत.

आता धाप लागली की नेमकं काय बिघडतं ते समजून घ्या, कारण हे कळलं नाही तर माणूस उगाच हाताला दोष देत बसतो. शांत बसलेल्या माणसाची नाडी ७० धरली तर दोन ठोक्यांमध्ये साधारण ०.८५ सेकंद मिळतात. नाडी १५० झाली की तेच ०.४ वर येतं. प्रत्येक ठोक्याला हात किंचित हलतो, फ्रंट साइट (नळीच्या पुढच्या टोकाची, नेम धरायची खूण) बारीक उडी मारते, तुम्ही नीट पाहिलं तर ती नाडीच्या तालावर उडताना दिसते. शांत असताना दोन उड्यांच्या मध्ये शॉट सोडता येतो, १५० ला ती जागाच उरत नाही. दुसरं म्हणजे श्वास. एरवी आपण श्वास सोडून सहा-सात सेकंद थांबतो आणि त्यात शॉट सोडतो, धावून आल्यावर मात्र शरीराला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा असतो, तिथे सहा सेकंद थांबायला गेलात तर छातीच आतून ढकलायला लागते. तिसरी गोष्ट साइटची. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर ३२ सेंटीमीटर धरा, त्यात फ्रंट साइट एक मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर छर्रा साधारण ३१ मिलिमीटर सरकतो, आणि काळ्याची त्रिज्या ३० पण नाही. म्हणजे मध्यावर धरलेला नेम एका मिलिमीटरने काळ्याच्या बाहेर. हात पूर्ण टार्गेटवर डुलला तरी चालतो एकवेळ, दोन्ही साइट एकमेकींशी सरळ राहिल्या पाहिजेत, धापेत सगळ्यात आधी हेच सुटतं.

सुरू करायच्या आधी तीन गोष्टी बघा.

एक, तुमचा नेम शांतपणे बसलेला आहे का. विश्रांतीत २० छर्रे मारा, त्यातले किमान १८ काळ्यात जात नसतील तर अजून दोन-तीन महिने साधी प्रॅक्टिस करा. कच्च्या होल्डवर, म्हणजे पिस्तूल स्थिर धरणंच कच्चं असताना, धाप चढवली की कच्चेपणाच पक्का होतो.

दोन, बीपी, दमा, हृदयाचं काही, चक्कर येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. चाळिशीच्या वरच्यांनी तर विचाराच.

तीन, रेंजची परवानगी. रेंज ऑफिसरना किंवा कोचना आधी सांगा की सर, मला असं असं करायचंय, कोणत्या वेळी करू. आपल्याकडच्या बहुतेक दहा मीटर रेंज म्हणजे एक लांब हॉल, सहा-आठ लेन, बाजूला दुसरा कोणीतरी मॅचची तयारी करत उभा असतो, त्याच्या मागे तुम्ही धपाधप उड्या मारल्या तर त्याचा दिवस वाया जातो. सकाळची पहिली बॅच सुरू व्हायच्या आधीची वेळ किंवा रिकामी दुपार मागून घ्या. नाही म्हणाले तर नाही, दुसरी वेळ मागायची, लपून छपून करायचं नाही.

आणि मी हे सगळं एअर पिस्तूल आणि एअर रायफलबद्दलच सांगतेय. ४.५ मिलिमीटर बोअरची आणि २० जूलच्या आतली एअर गन असेल तर २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे लायसन्स लागत नाही, नवीन माणूस इथूनच सुरू करतो. पॉइंट टू-टू (.२२ बोअरची, काडतुसाची) किंवा त्यापुढच्या हत्यारावर धाप लागलेली असताना हात टाकायचा विचार नवीन असताना करूच नका. एनसीसीची पोरं कॅम्पला पॉइंट टू-टू मारतात, पण तिथे प्रत्येकाच्या डोक्यावर एक उस्ताद उभा असतो.

सेफ्टीचा एकच मोठा नियम आहे आणि तो मी कोणासाठीच सैल करत नाही: हलताना हातात पिस्तूल नाही. धावताना नाही, बैठका मारताना नाही, लेनपर्यंत चालत येताना पण नाही. पिस्तूल फायरिंग लाइनच्या टेबलावर, रिकामं, सेफ्टी फ्लॅग (आत छर्रा नाही हे दाखवणारी रंगीत खूण) घातलेलं, तोंड टार्गेटकडे, असं पडून राहील आणि तुम्ही हात हलवत त्याच्याकडे याल. व्यायामाची जागा लाइनच्या मागे, शक्यतो हॉलच्या बाहेर. एका वेळी एकच माणूस. एका वेळी एकच छर्रा. सिनेमात दाखवतात तसं पळत येऊन गुडघ्यावर बसून मारणं वगैरे इथे नाही.

सामान फार लागत नाही. दोन नॅपकिन, एक फक्त हातासाठी आणि एक फक्त चेहऱ्यासाठी, वेगवेगळ्या रंगाचे. कारण छर्रे शिशाचे असतात, त्याची काळी भुकटी बोटांना लागते, आणि घाम आला की आपण त्याच बोटांनी तोंड पुसतो. शिसं पोटात जाणं चांगलं नाही, लहान मुलांसाठी तर अजिबातच नाही. रेंजवर काही खायचं नाही, संपल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, मग पाण्याची बाटली. बाकी पायात ग्रिप असलेले साधे शूज, मोबाईलवर स्टॉपवॉच, वही-पेन. हार्ट रेटवालं घड्याळ असेल तर उत्तम, नसेल तर मानेवर दोन बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा.

रायफलवाल्यांनी शूटिंग जॅकेट घालून व्यायाम करायचा नाही, मारताना पण या सेशनला जॅकेट नकोच, ते कडक कॅनव्हास छाती फुगू देत नाही आणि आपल्या गर्मीत माणूस आत शिजतो. रायफल जड असते, जॅकेटशिवाय कंबरेवर येते, म्हणून प्रत्येक शॉटनंतर ती स्टँडवर टेकवा. रायफल कार्डाचा १० म्हणजे फक्त अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, त्याच्या मागे लागू नका, ३०.५ मिलिमीटरचा काळा गोल हेच तुमचं टार्गेट.

आता प्रत्यक्ष सेशन. आधी दहा मिनिटं वॉर्मअप, खांदे, मनगटं, मान, कंबर. मग शांतपणे १० छर्रे, वहीत लिहा किती काळ्यात. मग चार राउंड, एका राउंडमध्ये एक मिनिट व्यायाम आणि पाच छर्रे, दोन राउंडच्या मधे तीन-चार मिनिटं बसायचं. शेवटी पुन्हा १० छर्रे एकदम शांत, हवा तेवढा वेळ घेऊन. हे शेवटचे दहा लोक गाळतात, कंटाळा येतो, घरी जायचं असतं, आणि तिथेच चुकतं, कारण ट्रिगरवरच्या बोटाला शेवटची आठवण घाईची राहते आणि तीच दुसऱ्या दिवशी घेऊन आपण रेंजवर येतो. एकूण ४० छर्रे झाले, पुरे.

व्यायाम कोणता करायचा तर सुरुवातीला पायांचा. पायऱ्या चढ-उतार, बैठका, जागेवर जॉगिंग, बाहेर जागा असेल तर दोरीवरच्या उड्या. जोर मारायचे नाहीत, निदान पहिला महिना तरी नाही. पायाच्या व्यायामाने नाडी वर जाते पण हात ताजा राहतो, म्हणजे तुम्हाला एकाच गोष्टीशी झुंजायचं असतं. जोर मारले की खांदा भरून येतो, हात थरथरतो, आणि मग कळतच नाही की छर्रा नाडीने गेला, श्वासाने गेला की खांद्याने गेला.

आणि आता ते वीस सेकंद, सावकाश वाचा.

व्यायाम संपला की लेनकडे शेवटची दहा पावलं चालत यायचं, पळत नाही. चालतानाच तोंडाने लांब श्वास सोडायला लागा. टेबलाशी आलात की आधी पाय. तुमच्या नेहमीच्या स्टान्सच्या, म्हणजे उभं राहायच्या, जागी खडूने खूण करून ठेवा, रेंजवाल्यांना विचारून, आणि पाय बरोबर तिथेच ठेवा, कारण धापेत पाय नेहमी पुढे किंवा वाकडे पडतात आणि नंतर ते आपण हाताने सुधारायला जातो. मग हात पुसा, तळवा आणि बोटांच्या मधली जागा. चष्मा असेल तर त्यावर वाफ आलीय का बघा. मग नजर सरळ टार्गेटच्या उंचीवर आणा आणि तीन श्वास, नाकाने आत, तोंडाने बाहेर, बाहेर जाणारा श्वास आत येणाऱ्यापेक्षा लांब. दर श्वासाला खांदे खाली पडतायत का ते बघा, धापेत खांदे कानाला लागतात आणि आपल्याला कळत नाही. हे तीन श्वास होईपर्यंत पिस्तुलाला हात लावायचा नाही. मग उचला, फ्लॅग काढा, छर्रा भरा, ग्रिप नीट बसवा, हात वर.

पहिल्या दिवशी हे सगळं करायला चाळीस सेकंद लागतील, लागू द्या. महिनाभरात आपोआप वीसवर येतं. घाई करून वीसवर आणलेलं आणि सवयीने आलेलं, यातला फरक कार्डावर दिसतो.

हात वर गेल्यावर श्वास थोडा सोडून फक्त दोन-तीन सेकंद थांबा. तेवढ्यात शॉट सुटला नाही तर हात खाली, एक श्वास, परत वर. साइट उडत राहणार, तिला मध्यावर थांबवायचा हट्ट सोडा, काळ्याच्या खालच्या भागात तुमचा जो नेहमीचा एरिया असेल तिथे तिला डुलू द्या आणि दोन्ही साइट सरळ ठेवून ट्रिगरवर दाब वाढवत राहा. मॅच एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असतो, नाडी वाढलेल्या बोटाला ते काहीच वाटत नाही, साइट मध्यावरून जाताना दिसली की बोट पटकन ओढतं. उजव्या हाताने मारणाऱ्याचा असा छर्रा बहुतेक वेळा खाली डावीकडे जातो. कार्डावर खाली डावीकडे गर्दी दिसली तर समजा की दम नाही, बोट कमी पडतंय. छर्रे वर-खाली उभ्या रेषेत पसरले असतील तर श्वास.

छर्रा भरताना पण सावकाश. थकल्यावर उलटा भरला जातो, किंवा भरलाय की नाही हेच आठवत नाही आणि आपण दुसरा घालायला जातो. शंका आली तर तोंड टार्गेटकडेच ठेवून थांबा आणि रेंज ऑफिसरना हाक मारा. म्हणूनच मी म्हणते ते ५० सेकंदांचं गणित आपण आपल्यावर लावायचं नाही, ते लेझर पिस्तुलाचं आहे, तिथे छर्रा नसतो.

किती आठवडे काय करायचं तर माझा अनुभव असा. पहिले दोन आठवडे नाडी ११० ते १२० च्या वर नेऊ नका, तेज चालणं आणि स्टेपवर चढ-उतार पुरेसं, वेळेची मर्यादा अजिबात नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ३० बैठका किंवा दोन मजले पायऱ्या, नाडी १३० ते १४०, पाच छर्रे दोन मिनिटांत. पाचव्यापासून बाहेर २०० ते ४०० मीटर धावून या, पाच छर्रे ९० सेकंदांत. वयाचं भान ठेवा, २२० मधून वय वजा केलं की जास्तीत जास्त नाडीचा अंदाज येतो, पंचेचाळिशीच्या माणसाचा १७५, त्याने विशीतल्या पोराच्या आकड्यामागे लागायचं नाही. आठवड्यात असे दोनच सेशन, बाकी दिवस साधी शांत प्रॅक्टिस. मॅचच्या आधीच्या आठवड्यात एकही नाही. पाचपैकी चार हिट सलग तीन सेशनला आले तरच पुढची पायरी.

वहीत प्रत्येक राउंडला चार आकडे: व्यायाम संपल्यावरची नाडी, पहिला छर्रा सुटेपर्यंतचे सेकंद, एकूण वेळ, हिट किती. आणि मिस कितव्या छर्‍याला झाला ते. माझ्या वहीत पहिला आणि पाचवा हेच जास्त, पहिला घाईने आणि पाचवा "झालंच आता" म्हणून. भाच्याचा तिसरा जातो, कारण तो तिसऱ्यापर्यंत श्वास रोखूनच मारत असतो, हे वही लिहिल्याशिवाय आम्हाला कळलंच नसतं.

नागपूरचं ऊन हा वेगळाच विषय आहे, यावर मी जरा जास्त बोलणार. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये दुपारी चारच्या सुमारास एका पत्र्याच्या छताच्या रेंजवर मी हेच करत होते. कूलर बंद होता, मी म्हटलं चार राउंड तर आहेत. तिसऱ्या राउंडला पायऱ्या करून आले, पिस्तूल उचललं, हात वर केला आणि टार्गेटच्या कडेने अंधारी यायला लागली. छर्रा भरलेला होता. नशिबाने हात खाली आणून पिस्तूल टेबलावर ठेवण्याइतकी शुद्ध होती, मग तिथेच खाली बसले. रेंज ऑफिसरने पिस्तूल रिकामं केलं, मला पाणी दिलं, आणि नंतर जे ऐकवलं ते योग्यच होतं. तेव्हापासून माझा नियम आहे की डोकं हलकं वाटलं, मळमळलं, कानात आवाज आला, की "थांबतेय" असं मोठ्याने म्हणायचं, पिस्तूल टेबलावर, एक पाऊल मागे. राउंड पूर्ण करायचा नाही.

तर आपल्याकडे हे करायचा खरा काळ म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून फक्त सकाळी, सात-साडेसातच्या आत संपवायचं, आणि नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पूर्ण सुट्टी, त्या दिवसांत कूलरसमोर शांत प्रॅक्टिस करा. पावसाळ्यात ऊन नसतं म्हणून लोक निवांत होतात, पण दमट हवेत घाम वाळत नाही, कूलरचा उपयोग नसतो, नाडी खाली यायला जास्त वेळ लागतो, आणि ग्रिप तर साबणासारखी निसटते, तेव्हा राउंड चारचे तीन करा. आदल्या रात्रीपासून पाणी प्या, सेशननंतर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी. तर्री पोहे नंतर, आधी नाही, भरल्या पोटावर बैठका मारून श्वास सोडायला गेलात की कळेल. आणि एअर सिलेंडरवालं पिस्तूल उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका, त्यात २०० बारपर्यंत हवा दाबून भरलेली असते. सिलेंडरवर तारीख असते, दहा वर्षं झाली की तो बदलायचा.

रेंज बंद असेल त्या दिवशी घरी काय, तर पिस्तूल बाहेर काढायचीच गरज नाही, गच्चीवर तर मुळीच नाही, शेजारचे घाबरतात आणि त्यांचं बरोबर आहे. एक लिटरची पाण्याची भरलेली बाटली घ्या, तिचं वजन जवळपास पिस्तुलाएवढंच. जिने चढून या, भिंतीवर काळा गोल चिकटवलेला असू द्या, पाय, हात पुसणं, तीन श्वास, मग बाटली उचलून हात सरळ, तीन सेकंद, खाली. असं पाच वेळा. स्प्रिंगवाली एअर गन असेल तर ती छर्‍याशिवाय झाडू नका, आतला पिस्टन आणि सील खराब होतो.

भाच्याने हे बाटलीचं प्रकरण सहा आठवडे केलं, ग्राउंडवरून आल्यावर रोज, बिल्डिंगच्या जिन्यात. मागच्या रविवारी फुटाळा तलावाजवळ धावून तो रेंजवर आला, बॅग ठेवली, आणि मी बघत होते, त्याने आधी पाय लावले, मग नॅपकिन घेतला, हात पुसले, तीन श्वास घेतले आणि मग पिस्तुलाकडे हात नेला. पाचपैकी चार काळ्यात. पाचवा खाली डावीकडे होता, वहीत तसंच लिहिलंय.